अनुभव धागा : परदेशात भाड्याची गाडी रस्त्यात बंद पडली, तेव्हा मदत कशी मिळवली?

परदेशी सहलीच्या गप्पांत व्हिसा, हॉटेल आणि शाकाहारी जेवण यांना भरपूर वेळ मिळतो. भाड्याची गाडी वाटेत बंद पडल्यावर काय केले, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून मुद्दाम विचारत आहे.

आपल्याकडे गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचे, जवळच्या टपरीवर चौकशी करायची आणि दुचाकीवरून येणाऱ्या मेकॅनिकची वाट पाहायची, ही रीत अंगवळणी पडलेली असते. परदेशात हीच तत्परता अंगाशी येऊ शकते, कारण गाडी आपली नसते, तिला कुणी हात लावायचा हे भाडेकरारात ठरलेले असते आणि काही देशांत तर ते आपण कोणत्या रस्त्यावर उभे आहोत यावरही ठरते. तेव्हा लिहिताना देश, रस्ता, पहिला फोन कुणाला केला आणि पैसे शेवटी कुणाच्या खिशातून गेले, एवढे अवश्य लिहावे. कंपन्यांची नावे कृपया टाळावीत.

फ्रान्स (ठाण्याहून)

ल्योंहून आविन्योंकडे जाताना ए-७ महामार्गावर आमच्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला आणि थोड्याच वेळात स्टिअरिंग जड झाले. गाडी कडेच्या आपत्कालीन मार्गिकेत घेतली, पिवळी जाकिटे आत बसूनच अंगावर चढवली आणि सगळेजण उजव्या बाजूच्या दारांनी उतरून लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिलो. मोबाइलमध्ये भाडे कंपनीच्या मदतसेवेचा क्रमांक तयार होता. तो लावताच पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की आपण महामार्गावर आहात का. आणि हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, की मग आम्हांला तेथे गाडी पाठवता येत नाही, आपण केशरी खांबावरून फोन करा.

नंतर समजले ते असे. फ्रान्सच्या महामार्गांवर प्रत्येक पट्ट्यासाठी परवाना असलेले टोइंगवाले नेमून दिलेले असतात आणि दुसऱ्या कुणाला तेथे येऊन गाडी उचलता येत नाही, मग आपला विमा कितीही भारी असो. आपत्कालीन फोनचे हे केशरी खांब साधारणपणे दर २ किलोमीटरवर आहेत. कठड्याच्या पलीकडून चालत तेथवर जायचे, बटण दाबायचे आणि बोलायचे. ठिकाण समजावून सांगण्याची यातायात करावी लागत नाही, कारण फोन कोणत्या खांबावरून आला हे पलीकडे आपोआप कळते. मोबाइलवरून ११२ लावला तरी चालते, मात्र तेव्हा महामार्गाचे नाव, प्रवासाची दिशा आणि किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा आपल्याला सांगता आला पाहिजे.

गाडी महामार्गावरून बाहेर काढून गॅरेजपर्यंत नेण्याचा दर सरकारने ठरवून दिलेला असतो, त्यामुळे घासाघीस आणि फसवणूक या दोन्हींची सोय नाही. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या वेळेत आणि शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी त्यावर ५० टक्के जादा आकारले जातात. आमचा नेमका रविवार होता. गॅरेजच्या अंगणात पोहोचल्यावर दुसरा फोन भाडे कंपनीला केला आणि तेथून पुढचे सगळे, म्हणजे दुसरी गाडी आणि तिच्यापर्यंत जाण्यासाठी टॅक्सी, त्यांनी पाहिले. टोइंगचे पैसे आम्ही कार्डाने भरले होते, ते पावती पाठवल्यावर परत मिळाले. पावतीवर भाडे कंपनीचा तक्रार क्रमांक गॅरेजवाल्याकडून लिहून घेतला होता, त्याचा फार उपयोग झाला.

जर्मनी (श्टुटगार्टहून)

वरच्या अनुभवाला जोडून थोडेसे. जर्मनीत ऑटोबानच्या कडेला जे काळे-पांढरे ठेंगणे खांब असतात, त्यांवरचा छोटा बाण जवळचा आपत्कालीन फोन कोणत्या दिशेला आहे हे दाखवतो. येथे फ्रान्ससारखी सक्ती नाही. भाडे कंपनी ज्या मदतसेवेशी बांधलेली आहे तिची गाडी ऑटोबानवरही येऊ शकते, म्हणून पहिला फोन कंपनीलाच करावा. एडीएसी या जर्मन मोटार क्लबच्या पिवळ्या रंगाच्या मदतगाड्या पाहून हात दाखवण्याचा मोह होतो, पण मदत करारानुसार आली नसेल तर बिल आपल्या नावे निघण्याची शक्यता असते. आणि इंधन संपून ऑटोबानवर थांबणे हे येथे दंडास पात्र आहे, कारण ते टाळता येण्याजोगे थांबणे मानले जाते.

न्यूझीलंड (नाशिकहून)

ते आनाऊ ते मिलफर्ड साउंड हा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता अतिशय देखणा आहे आणि त्याच्या बहुतेक भागात मोबाइलला रेंज नसते. होमर बोगद्याच्या अलीकडे, वरून घरंगळून आलेल्या एका टोकदार दगडाने आमचे पुढचे डावे टायर बाजूने चिरले. डिकीतला गालिचा उचलला, तर स्टेपनीच्या जागी फोमचा साचा होता आणि त्यात हवा भरायचा छोटा पंप आणि चिकट द्रावाची बाटली होती. हल्ली अनेक गाड्यांत स्टेपनी नसतेच. तो द्राव खिळ्याने पडलेले भोक बुजवतो, बाजूची चीर त्याने बुजत नाही. यजमानांनी तरीही बाटली रिकामी करून पाहिली, आणि सगळा पांढरा द्राव त्या चिरेतून फेसाळत रस्त्यावर आला.

त्या रस्त्यावर मिलफर्डच्या सहलीच्या बसगाड्यांची ये-जा असते. परतणाऱ्या एका बसचे चालक आपणहून थांबले आणि म्हणाले, की एका कागदावर सगळे लिहून द्या, रेंज आली की मी फोन करतो. काय लिहायचे हेही त्यांनीच सांगितले : गाडीचा क्रमांक आणि रंग, करार क्रमांक, भाडे कंपनीच्या मदतसेवेचा फोन, माणसे किती, कुणाला औषधाची निकड आहे का, आणि टायरवर कोरलेले माप. चष्मा लावून, टायरपाशी उकिडवे बसून मी २०५/५५ आर १६ हे आकडे उतरवून घेतले. बसचालकांना असल्या प्रसंगांची सवय असावी, कारण कागद वाचून त्यांनी फक्त एकच दुरुस्ती केली : आम्ही कोणत्या पुलाच्या कोणत्या बाजूला आहोत, हे स्वतःच्या अक्षरात लिहिले.

मदतीची गाडी यायला बराच वेळ लागला आणि तोवर आम्ही काचा वर करून आत बसलो, कारण त्या भागातल्या सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या माणसाला बाहेर उभे राहू देत नाहीत. परंतु ती आली ती त्याच मापाचे टायर घेऊन. माप कळवले नसते तर गाडी ओढत ते आनाऊला न्यावी लागली असती. मदत येण्याचा खर्च आम्ही वेगळे पैसे भरून घेतलेल्या रोडसाइड कव्हरमधून गेला. टायरचे पैसे मात्र आम्हांला भरावे लागले, कारण टायर, काचा आणि गाडीची खालची बाजू त्या विम्यातून वगळलेली होती. बऱ्याच करारांत ती तशीच वगळलेली असते, म्हणून काउंटरवर ‘फुल कव्हर’ हा शब्द ऐकून कुणी निश्चिंत होऊ नये.

आइसलँड (बंगळूरहून)

विक गावाजवळ वाऱ्याच्या एका झोताने गाडीचे दार उघडता उघडता हातातून हिसकावले आणि बिजागरी वाकली. दार लागेना, म्हणजे गाडी चालवणे अशक्य. तेथील विम्यात वाऱ्याने दाराला होणारे नुकसान सहसा धरत नाहीत. भाडे कंपनीने फोनवर सांगितले, की रेक्याविकहून टोइंग पाठवू, पण दोष यांत्रिक नसल्यामुळे किलोमीटरप्रमाणे आकारणी होईल. आणि अंतर १८० किलोमीटरहून अधिक. तेव्हा आम्ही गावातल्या गॅरेजमध्ये दार तात्पुरते बांधून घेण्याची परवानगी मागितली, ती ई-मेलवर लेखी घेतली आणि मगच गॅरेजवाल्याला हात लावू दिला. दाराचे पैसे गेले, टोइंगचे वाचले.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ११२ लावल्यावर धावून येणारी बचाव पथके तेथे स्वयंसेवकांची आहेत आणि ती जिवावरच्या प्रसंगासाठी आहेत. ‘एफ’ क्रमांकाच्या डोंगरी रस्त्यांवर साधी गाडी घालणारे किंवा नदीच्या पाण्यात गाडी बुडवणारे पर्यटक त्यांना कामाला लावतात, आणि त्या नुकसानीला तर जवळजवळ कोणताच विमा लागू होत नाही.

जपान (तोक्योहून)

होक्काइदोत संध्याकाळच्या वेळी हरीण येऊन गाडीवर आदळले आणि रेडिएटर फुटला. जपानमध्ये अशा वेळी मदतसेवेच्याही आधी ११० वर पोलिसांना कळवावे लागते, दुसरे वाहन त्यात गुंतलेले नसले तरीही. पोलिसांकडे नोंद नसेल तर अपघाताचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याविना विमा नाही. पोलीस दलातील तरुणाने टॉर्चच्या उजेडात टायरपासून पांढऱ्या रेषेपर्यंतचे अंतर फितीने मोजून लिहून घेतले, तेव्हा कुठे टोइंगचा फोन झाला. विमा पूर्ण असूनही गाडी काही दिवस भाड्याने देता येणार नाही म्हणून कंपनी एक ठरावीक रक्कम घेते, ती आम्हीही दिली. ती माफ करून देणारी पुरवणी गाडी घेतानाच मिळते, याची येथे नोंद करून ठेवतो.

ओमान (दुबईहून)

खरीफच्या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबर या तिकडच्या पावसाळ्यात, आखातातली अर्धी मराठी मंडळी दक्षिण ओमानमधल्या सलालाचा हिरवा डोंगर पाहायला गाडीने निघतात. अमिरातीतली भाड्याची गाडी ओमानमध्ये नेताना कंपनीचे परवानगीपत्र आणि ओमानपुरता वाढवलेला विमा, दोन्ही लागतात आणि सीमेवर ते पाहतात. पुष्कळांना वाटते, की एवढे झाले म्हणजे झाले. पण हा विमा अपघाताचा असतो. बंद पडलेल्या गाडीला मदत देणारी सेवा बहुधा अमिरातीच्या हद्दीपर्यंतच असते.

आमची गाडी वाटेतल्या हैमा गावाच्या पुढे, दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट असलेल्या रस्त्यावर तापली. कूलंटची नळी फुटली होती. कंपनीला फोन केल्यावर त्यांनी साफ सांगितले, की सीमेपर्यंत गाडी आणायची व्यवस्था आपली आपण करा. मग हैमातल्या एका गॅरेजची गाडी बोलावली. मल्याळी मेकॅनिकने नळीची किंमत सांगितली, मी तिचा फोटो आणि भाव भाडे कंपनीला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि ‘करा’ असे उत्तर येईपर्यंत पाना हातात घेऊ दिला नाही. उत्तर यायला उशीर लागला, मेकॅनिकने दोनदा चहा पाजला. जुनी नळी पिशवीत घालून परत आणली आणि काउंटरवर बिलासोबत ठेवली. नळीचे पैसे त्यांनी वळते केले, ओढून नेल्याचे केले नाहीत.

अमेरिका (पुण्याहून)

आमचा प्रसंग किरकोळ होता, किल्ली आत राहून दारे बंद झाली. मूळ भाड्यात फक्त यांत्रिक बिघाडाची मदत धरलेली होती; किल्ली, पंक्चर आणि संपलेले पेट्रोल यांसाठी वेगळे कव्हर घ्यावे लागते. सोबत न्यू जर्सीचे मेहुणे होते आणि ते एएए या तेथील मोटार क्लबचे सभासद. तेथील सभासदत्व गाडीला नव्हे तर माणसाला असते, त्यामुळे भाड्याच्या गाडीलाही ते चालले. सोबतच्या नातेवाइकांना हे आधीच विचारून ठेवावे.

टोल-फ्री क्रमांकांविषयी

रोमिंगवरच्या भारतीय सिममधून करारावरचे टोल-फ्री क्रमांक अनेकदा लागतच नाहीत. गाडी ताब्यात घेतानाच काउंटरवर देशाच्या कोडसह साधा क्रमांक मागून घ्यावा आणि वाहनतळातून बाहेर पडण्याआधी तो एकदा लावून पाहावा. पलीकडून कुणी बोलले, तर त्याच फोनवर विचारावे, की महामार्गावर आपण येता का आणि सीमेपलीकडे येता का.