चिंतन वही रोज तीच तीच होतेय, तुम्ही काय लिहिता?

गुहागरकडची सेविका:
अंगणवाडीत तिसरं वर्ष माझं, १९ मुलं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं रोज स्वतःच्या कामाबद्दल लिहा, आज काय जमलं काय नाही. पण माझं रोज एकच, 'मुलांनी गाणी म्हटली, आनंद घेतला'. वाडीत रेंज नाही, पोषण ट्रॅकर (मुलांची माहिती भरायचं सरकारी ॲप) भरायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढावं लागतं, मग विचार करायला डोकं उरतंच कुठे. आणि खरं सांगू, आज मी पोरावर ओरडले असं लिहिलं नि तपासायला येणाऱ्या मुख्यसेविका मॅडमनी वही उघडली तर?

मुरुडच्या निवृत्त बाई:
अगो, सगळा दिवस नको लिहूस, एक मूल घे नि एकच प्रसंग. माझ्याकडे एक पोरगी गोलात तोंडच उघडायची नाही, मी आपलं लाजरी म्हणून सोडून दिलेलं. मग मदतनीस ताईंना म्हटलं मी कुणाकुणाला विचारते त्याच्या नावापुढे रेघ मारा. त्यांनी डाळ निवडता निवडता मारल्या. सगळ्या रेघा पुढे बसणाऱ्या तिघांच्या! ती मागे खांबाला टेकून बसायची, तिला मी विचारलंच नव्हतं. लाजरी कसली.

सिंधुदुर्ग, मुख्यसेविका:
वहीची भीती खोटी नाही, आम्हीच घातलीय ती. बीट मीटिंग (माझ्या भागातल्या सगळ्या सेविकांची बैठक) सगळी वजन-उंचीच्या आकड्यांत जाते. आता मी पहिली २० मिनिटं रजिस्टर बंद ठेवते, आधी माझीच चूक सांगितली (भेटीला गेले नि मुलांसमोर सेविकेला बोलले होते), तरी दोन महिने सगळ्या गप्प, तिसऱ्या महिन्यात एकजण बोलली. त्या वह्या मी तपासत नाही, सही पण नाही.

पालघरकर:
आमच्या बोर्डीत १९४५ ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, पाड्यावरची मुलं येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतो ती तिथली. मुलं येत नाहीत म्हटल्यावर पालकांना नावं ठेवणं सोप्पं होतं की. तुमच्या वहीत पण 'मूल ऐकत नाही' ऐवजी 'मी तेव्हा काय करत होते' लिहून बघा.

गुहागरकडची सेविका:
रेघांचं उद्याच करते, मदतनीस ताई आधीच हसतायत. आणि सड्यावर रेंजची वाट बघत बसते तेव्हा मोबाईलवर बोलूनच ठेवीन, ते कोण तपासणार.