शब्द हवा: 'बॅकिंग डाऊन'ला मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी:
कोविड आणि वीजबाजारावरचा एक लेख मराठीत आणतेय. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, कारखाने, रेल्वे, मॉल सगळं ठप्प, एप्रिलमध्ये देशाची विजेची मागणी आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने घटली, आणि मग 'कोळशाचे वीजसंच बॅक डाऊन केले'. मी भारनियमन लिहिलं तर घरातले हसले.

राखेचाडोंगर:
हसणारच ना ताई, भारनियमन म्हणजे वीज कमी पडली की गिऱ्हाइकाची तोडायची. इथे वीज उतू चालली होती आणि घेणारा कोणी नव्हता.

पेपरवाला:
उत्पादन-कपात लिहा की सरळ, सगळ्यांना कळतं.

राखेचाडोंगर:
बातमीत चालेल, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. बॅक डाऊनमध्ये संच चालूच असतो, म्हणजे ५०० मेगावॅटचा असेल तर २७५ वर आणून ठेवायचा, केंद्र सरकारच्या वीजकेंद्रांतल्या संचांना ५५ टक्क्यांची किमान मर्यादा आहे, त्याच्या बरंच खाली गेलं तर भट्टीतली ज्योत टिकवायला तेल मारावं लागतं आणि ते परवडत नाही. 'झिरो शेड्यूल' म्हणजे भार प्रेषण केंद्राकडून (कोणी किती वीज बनवायची ते ठरवून देणारं केंद्र) मागणीच शून्य, संच बंद. बॉयलर पार गार झाला तर परत उठवायला बरेच तास जातात. आम्ही शिफ्टमध्ये 'लोड खाली घेतला' म्हणायचो, बस.

शब्दवेडी:
'भार खाली घेतला' छान आहे! पण बंद संचाचे पैसे कोण देतं?

मीटरमामा:
तिथेच तर खरी गोम आहे. वितरण कंपनी आणि वीजकेंद्र यांच्या दीर्घ मुदतीच्या करारात दोन भाग असतात, स्थिर आकार आणि इंधनाचा खर्च. वीज उचलली नाही तर कोळशाचे पैसे वाचतात, पण संच तयार असेल तर स्थिर आकार वितरण कंपनीला द्यावाच लागतो. त्यात तेव्हा एक्स्चेंजवर, म्हणजे वीज खरेदी-विक्रीच्या बाजारात, वीज अडीच रुपये युनिटच्या आसपास मिळत होती, म्हणजे बाजारात स्वस्ताई आणि करारांचा बोजा मात्र तसाच. शिवाय घरगुती वापर टिकून राहिला आणि जास्त दर देणारे उद्योग बंद, त्यामुळे युनिट जेवढे घटले त्याहून वसुली जास्त घटली. मे २०२० मध्ये केंद्र सरकारला वितरण कंपन्यांसाठी ९०,००० कोटींच्या कर्जाची सोय जाहीर करावी लागली ती यातूनच.

पेपरवाला:
स्थिर आकार तर आपल्या बिलातला शब्द, बंद फ्लॅटलाही येतो तो.

मीटरमामा:
तोच. तुम्ही कंपनीला देता तसा कंपनी वीजकेंद्राला देते, शब्द बदलू नका.

शब्दवेडी:
आणि ५ एप्रिलला रात्री ९ ला ९ मिनिटं दिवे बंद केले, ते?

राखेचाडोंगर:
ते भारनियमन नाही आणि बॅक डाऊनही नाही. मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने पडेल असा अंदाज होता, पडली ३१ हजाराच्या वर. एवढ्या झटक्यात कोळशाचे संच वळत नाहीत, त्यामुळे त्यातले जलविद्युत केंद्रांनीच साधारण १७,५०० मेगावॅट उतरवले आणि दिवे लागल्यावर परत चढवले, फ्रिक्वेन्सी ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या मध्ये, म्हणजे नेहमीच्या ५० च्या आसपासच, राहिली. त्याला आम्ही रॅम्प डाऊन, रॅम्प अप म्हणतो. मराठी शब्द हवा असेल तर वेगळा धागा काढा, इथे नको.