मदत हवी आहे: शेतावरचा मायक्रोबिटएक्स हॅम रेडिओ पुण्यातून चालवायचाय

नमस्कार मंडळी,
पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) एलईडी आणि चार्जरचा इतका गोंगाट आहे की क्यूआरपी, म्हणजे कमी पॉवरची, स्टेशनं ऐकूच येत नाहीत. म्हणून अशर फरहान यांच्या डिझाइनचा मायक्रोबिटएक्स ट्रान्ससीव्हर भोरजवळच्या शेतावर बसवलाय. सोबत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, सोलर पॅनल. यूएसबीवरून कॅट कंट्रोल (कॉम्प्युटरने रेडिओ चालवणं) छान चालतं.

अडचण दिवसाची. ऊन आलं की पॅनलवरून बॅटरी चार्ज करणारा एमपीपीटी कंट्रोलर ७ मेगाहर्ट्झवर खरखर सोडतो. तारांवरचा गोंगाट दाबणाऱ्या फेराइटने थोडाच फरक पडला. ऐकताना रिलेने पॅनल तोडावं, की वेगळा कंट्रोलर घ्यावा?

आणि खरी काळजी: ट्रान्समिट चालू असताना नेट गेलं तर पीटीटी (ट्रान्समिटचा स्विच) चालूच अडकेल, शेवटच्या पॉवर टप्प्याचे फायनल ट्रान्झिस्टर जळतील. यासाठी नुसत्या रास्पबेरी पायवर विसंबणं मला पटत नाही. ठरावीक वेळेनंतर ट्रान्समिट बंद करणारं वेगळं टायमर सर्किट कोणी बनवलंय का? आकृती मिळाली तर फार उपकार होतील.