डॅन्यूबकाठची सायकल सफर : तीन किलोंचा कॅमेरा न्यावा की खिशातला पुरेल?

प्रश्न

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस जर्मनीतील पासाउ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सुमारे 300 किलोमीटरचा टप्पा सायकलने सात दिवसांत पुरा करण्याचा माझा बेत आहे. कपडे, पावसाळी जाकीट आणि दुरुस्तीचे सामान मिळून नऊ किलोंच्या आत बसले आहे. अडचण आहे ती कॅमेऱ्याची. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारी चकती बऱ्यापैकी मोठी असलेला) आणि लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आहे आणि दोन लेन्स, ट्रायपॉड, माइक व चार्जर धरून त्याचे वजन तीन किलोंवर जाते. परतल्यावर घरच्यांसाठी वीसेक मिनिटांची नीटस फिल्म तयार करावी, एवढीच अपेक्षा आहे. हे तीन किलो सात दिवस वाहताना दमछाक होईल का, आणि त्याऐवजी गिंबल (हाताचे हेलकावे मोटारींनी सावरणारी यंत्रणा) असलेला खिशातला कॅमेरा घेतला तर चित्राच्या दर्जात नेमके काय गमवावे लागेल, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. 249 ग्रॅमचा ड्रोनही हाताशी आहे. तो न्यावा का?

उत्तर 1

दमछाकीचा हिशेब आधी करू, कारण त्याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. सपाट, डांबरी वाटेवर ताशी 18 किलोमीटर वेगाने जाताना तीन किलो जादा वजनासाठी साधारण एक वॅट शक्ती जास्त लागते, आणि आपण एरवी 75 ते 100 वॅट लावतच असतो. पाच टक्के चढावर हेच वजन सुमारे आठपट जोराने मागे ओढते. पण तुमच्या वाटेवर तसे चढ फारसे नाहीत. पासाउपासून व्हिएन्नापर्यंत नदी जेमतेम दीडशे मीटर खाली उतरते, आणि पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढून नेणारे घोडे ज्या काठावरून चालत, त्याच वाटांवरून आजच्या सायकलमार्गाचे बरेच भाग जातात. चढाला घाबरून कॅमेरा घरी ठेवायचे कारण इथे नाही. त्यापेक्षा समोरून येणारा वारा कितीतरी महाग पडतो, आणि सुदैवाने या खोऱ्यात तो बहुधा पश्चिमेचा, म्हणजे तुमच्या पाठीशी असतो.

तरीही तो संच नेऊ नये, असेच माझे मत आहे. वजनाची खरी किंमत सायकल चालू असताना मोजावी लागत नाही. ती थांबल्यावर मोजावी लागते. रेल्वे स्थानकाचा जिना, नदी ओलांडणारी छोटी नाव, मुक्कामाचा दुसरा मजला, आणि सायकल खाली ठेवून पायी चढून जायच्या जागा यांचा विचार करा. श्ल्योगेनला डॅन्यूब जवळजवळ उलट फिरून वळसा घेते. तो वळसा वरच्या टेकाडावरूनच दिसतो आणि तिथे अर्धा तास पायवाटेने चढावे लागते. कॅमेऱ्याची पिशवी अशा वेळी पाठीवर येते, कारण ती सायकलवर सोडून जायची हिंमत होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पॅनियरच्या (सायकलच्या कॅरियरला लटकवायच्या पिशवीच्या) तळाशी असलेला कॅमेरा काढायला दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात मालवाहू जहाज वळणाआड गेलेले असते. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा माणूस थांबतच नाही. मी एका सफरीत पहिल्या दिवशी चाळीस आणि पाचव्या दिवशी तीन चित्रफिती घेतल्या. दृश्ये मात्र पाचव्या दिवसाचीच सरस होती.

दर्जाबद्दल सांगायचे तर, खिशातल्या चांगल्या कॅमेऱ्यांत एक इंच म्हणवला जाणारा सेन्सर असतो आणि त्याचे प्रत्यक्ष माप 13.2 × 8.8 मिलिमीटर आहे (इंच इथे केवळ नावापुरता उरला आहे). तुमच्या सेन्सरचे क्षेत्रफळ त्याच्या तिप्पट आहे. हा फरक दिवसाउजेडी पडद्यावर क्वचितच जाणवतो. संध्याकाळी काळोख दाटू लागल्यावर, मठांच्या आतल्या भागात आणि दूरची वस्तू जवळ आणताना तो जाणवतो. त्यातही लांब पल्ल्याची लेन्स नसणे मला सर्वाधिक खटकते, कारण नदीकाठी पाहण्यासारखे बरेच काही पलीकडच्या तीरावर असते.

उत्तर 2

खिशातल्या गिंबल कॅमेऱ्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. तो चालत्या सायकलच्या हँडलबारवर बसवू नये. मी तसे केले होते. गिंबलच्या इवल्या मोटारी हाताचे हेलकावे सावरण्यासाठी असतात. खडीवरची बारीक, वेगवान थरथर त्यांच्या आवाक्याबाहेरची असते, आणि तासाभराच्या चित्रणातले दोन मिनिटेही वापरता आले नाहीत. शिवाय पडण्याच्या भीतीने माझे अर्धे लक्ष कॅमेऱ्याकडे होते. चालत्या सायकलवरून चित्रण हवेच असेल तर छातीला पट्ट्याने बांधलेला ॲक्शन कॅमेरा बरा, कारण शरीर स्वतःच धक्के गिळते. फोनच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरकस कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवण्यासाठी लेन्स किंवा सेन्सर हलवणारी यंत्रणा) बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 साली स्वतःच दिला होता. सायकलला इंजिन नसते हे खरे, परंतु दिवसभर दगडी फरशीवरून जायचे असेल तर फोन खिशातच असू द्यावा.

ड्रोन घरी ठेवा. वजन 250 ग्रॅमच्या आत असले तरी कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला युरोपीय संघात नोंदणी करावी लागते. ती केली तरी प्रत्येक गावाबाहेर उड्डाणबंदीचे नकाशे तपासत बसण्यात सफरीचा वेळ जातो.

उत्तर 3

वरच्या दोन्ही उत्तरांत वीज आणि साठवण यांचा उल्लेख राहिला आहे, आणि सामान खरे वाढते ते तिथेच. 100 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने चित्रण केल्यास तासाला 45 जीबी जागा लागते. वीस मिनिटांच्या फिल्मसाठी चार-पाच तासांचे चित्रण पुष्कळ झाले. तेव्हा एकच मोठे कार्ड घेण्यापेक्षा 128 जीबीची दोन कार्डे घ्यावीत आणि भरलेले कार्ड कॅमेऱ्यापासून वेगळ्या पिशवीत ठेवावे, म्हणजे लॅपटॉप आणि हार्ड डिस्क यांचा मोह टळतो.

विजेचे गणितही सोपे आहे. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत 37 वॅट-तास ऊर्जा असते आणि त्यातली दोन-तृतीयांश हाती लागते. खिशातल्या कॅमेऱ्याची बॅटरी साधारण सहा ते दहा वॅट-तासांची असते, म्हणजे दोन-तीन वेळा भरता येते. मुक्कामी रोज वीज मिळणार असल्याने याहून मोठी बँक नको. चाकातल्या डायनमोवर चार्ज करण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण तो 3 वॅटचा असतो आणि दिवसभराच्या निवांत चालीत त्यातून 10 ते 12 वॅट-तासच पदरात पडतात. तंबूत राहणाऱ्यांना त्याचे मोल आहे, तुम्हाला नाही.

माइकवर लावायचे केसाळ आवरण मात्र विसरू नका. त्याचे वजन काही ग्रॅम असते आणि त्याच्याशिवाय नदीकाठचा आवाज म्हणजे नुसता वाऱ्याचा खरखराट. गंमत म्हणजे वारा पाठीशी असला आणि तुमच्याच वेगाने वाहत असला, तर चालत्या सायकलवर आवाज स्वच्छ येतो आणि थांबल्यावर बिघडतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मिररलेसचा संच आणि ड्रोन दोन्ही वगळतो. खिशातला कॅमेरा हँडलबारच्या पिशवीत, एक पॉवर बँक, दोन कार्डे, एवढेच नेईन. हे सारे किलोच्या आत बसते. आणखी एक शंका आहे. बहुतेक अंतरभर दोन्ही तीरांवर सायकलवाट आहे, असे नकाशावर दिसते. चित्रणाच्या दृष्टीने कोणता तीर निवडावा?

उत्तर 1

शक्य तिथे उजवा, म्हणजे दक्षिण तीर. नदी पूर्वेकडे वाहते आणि सूर्य दिवसाचा मोठा भाग दक्षिणेकडे असतो. त्यामुळे दक्षिण तीरावरून पाण्याकडे पाहताना ऊन तुमच्या पाठीमागून समोरच्या गावांवर आणि द्राक्षमळ्यांवर पडते. उत्तर तीरावरून हेच दृश्य घेतले तर पाणी चकाकते, पलीकडचा डोंगर काळवंडतो आणि लहान सेन्सरला उजेड-अंधारातला तो टोकाचा फरक पेलत नाही. सकाळी पुढच्या दिशेने चित्रण टाळावे, कारण सूर्य थेट लेन्समध्ये येतो. संध्याकाळी तीच दिशा सुरेख उजळते.

मेल्क गावापुढच्या वाखाउ खोऱ्यात मात्र बहुतेक नामांकित गावे उत्तर तीरावर आहेत, म्हणून तिथे तीर बदलावा लागेल. मेल्कहून दक्षिण तीरानेच पुढे निघा, रोसाट्सला पोहोचल्यावर पलीकडचे ड्युर्नश्टाइन आणि त्यामागच्या टेकडीवरचा भग्न किल्ला दुपारच्या उन्हात मनासारखा टिपून घ्या, आणि मग नावेने सायकलसह पलीकडे जा. काठावरच्या किलोमीटर पाट्याही अधूनमधून टिपत चला. डॅन्यूबवरचे किलोमीटर मुखापासून उगमाकडे मोजतात, त्यामुळे पासाउजवळचा 2,225 हा आकडा उतरत उतरत व्हिएन्नात 1,929 पर्यंत येतो, आणि संकलन करताना कोणती चित्रफीत कुठली हे शोधत बसावे लागत नाही.