मदत हवी आहे: रायडिंग जॅकेट लपवणारी, ऑफिसला शोभणारी बॅग

स्कूटरवरून ऑफिसला जाणाऱ्या बायकांसाठी टोट बॅग शिवतेय. खांदे, कोपर आणि पाठ असे पॅड असलेलं जाळीचं रायडिंग जॅकेट आत मावायला हवं, आणि बाहेरून ते कळता कामा नये. हेल्मेट डिकीत राहतं, त्याचा प्रश्न नाही.

माप ४० बाय ३६ सेंमी, तळ १५. बाहेरून जाड कॅनव्हास, आत नायलॉनचं अस्तर.

खरी अडचण पाठीच्या पॅडची. तो ईएन १६२१-२ (दुचाकीस्वारांच्या पाठीच्या पॅडसाठीचं युरोपीय मानक) दर्जाचा, मऊ पण जाड फोम आहे. कापला तर संरक्षणच गेलं, आणि रोज दुमडून ठेवणं मला पटत नाही. म्हणून तो काढून मागच्या बाजूला उभ्या कप्प्यात ठेवला, तर त्याचा बाक कॅनव्हासवर उमटतो. कडक पुठ्ठा घातला. बाक गेला, पण बॅग खांद्याला नीट टेकेना (आणि दिसायलाही फाईलच वाटते).

दुसरं, घामाचा वास. रेक्झिनचा पडदा लावला की डब्याकडे वास जात नाही, पण जॅकेट संध्याकाळपर्यंत दमटच. हवेसाठी तळाला आयलेट (धातूच्या कड्यांची भोकं) लावली, तर पावसात चाकाचं पाणी आत.

माझ्याकडे घरगुती मशीन आहे, जाड चामडं चालत नाही. बॅकपॅक सुचवू नका, गिऱ्हाइकांना नकोच आहे.

पॅडचा बाक झाकायला कॅनव्हासच्या आत नेमकं काय घालावं? आणि हवा खेळेल पण पाणी शिरणार नाही अशी जाळी बॅगेच्या कोणत्या बाजूला लावावी?