मानवी प्रतिष्ठा: कॅथलिक नीतीचा पाया की नंतरची उसनवारी?

उत्तररात्र: 'जुनी वही' यांनी काल लिहिलं, की प्रतिष्ठेची भाषा चर्चने आधुनिक जगाकडून उसनी घेतली, आणि मेंदूच चालत नसेल तर कसली प्रतिष्ठा? पहिलं वाक्य सोडून दिलं असतं. दुसरं नाही. माझी आई शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंशात होती. सांभाळायला आलेली एक बाई दार सताड उघडं ठेवून तिचे कपडे बदलायची, म्हणायची, "त्यांना कुठे काय कळतंय." दुसरी रोज विचारायची, "आजी, वेणी घालू?" उत्तर कधीच आलं नाही. तरी ती क्षणभर थांबायची, मग कंगवा उचलायची. माणूस देवाच्या प्रतिरूपात घडला म्हणजे काय, ते मला त्या थांबण्यात कळलं. 'डिग्निटास इन्फिनिता' (२०२४) हे मानवी प्रतिष्ठेवरचं व्हॅटिकनचं घोषणापत्र हेच सांगतं: ही प्रतिष्ठा असण्यातूनच येते, अकलेतून किंवा कर्तबगारीतून नाही.

जुनी वही: आईंबद्दल वाईट वाटलं. पण १८६४ साली पोप नवव्या पायसने चुकीच्या मतांच्या यादीत धर्मस्वातंत्र्य घातलं, आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, तेच स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेवर उभं केलं. मधली शंभर वर्षं पाया कुठे होता? पोपच्या स्वतःच्या राज्यात देहदंड दिला जायचा. २०१८ मध्ये चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२६७ बदलून देहदंड अमान्य ठरवला.

पायवाट: देहदंडाचं निघालंच आहे तर बोलते. माझ्या मामेभावाचा खून झाला. खुन्याची प्रतिष्ठा अबाधित, हे मामीला जाऊन कोण सांगणार? तुम्ही सांगाल?

उत्तररात्र: मामींसमोर मी तोंड उघडणार नाही. पण शिक्षा नको असं त्या परिच्छेदात कुठेच नाही. समाजाचं रक्षण करणारी कैदेची व्यवस्था आहे, आणि गुन्हेगाराला सुधारण्याची संधी कायमची हिरावू नये, एवढंच आहे.

पायवाट: "एवढंच"? माझ्या भावाला कुणी संधी दिली? असले शब्द घरात प्रेत आलेलं नसतं तेव्हाच सुचतात.

साधी वात: मी नऊ वर्षं तुरुंगात कैद्यांना भेटायला जातो. एकाने पहिल्या दिवशी बजावलं, "मला नंबराने नका हाक मारू." त्याने काय केलं होतं ते मला ठाऊक होतं, त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात नावाने हाक मारली. त्याचा गुन्हा त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही.

पायवाट: नावाने हाक मारा, हरकत नाही. माफी मागू नका माझ्याकडे.

साधी वात: मागत नाही. तो हक्क माझा नाहीच.

जुनी वही: सगळे मूळ मुद्दा सोडून फाशीवर अडकलात. १८९१ चं पोप तेराव्या लिओचं कामगारांवरचं पत्र कुणालाच आठवलं नाही, त्यात मजुराच्या प्रतिष्ठेबद्दल स्पष्ट लिहिलंय. म्हणजे १९६५ च्या आधीही काहीतरी होतं, हे मला मान्य करावं लागेल. मेंदूबद्दलचं वाक्य मी मागे घेतो. इतिहासाबद्दलचं नाही.

उत्तररात्र: मला तेवढंच वाक्य खुपत होतं.