अंधाराची भीती : दिव्याच्या बटणावरचा हात कसा काढावा?

वयाच्या ४२ व्या वर्षी अंधाराची भीती वाटते, हे लिहिताना संकोच होतो. पत्नी आणि समुपदेशक यांच्याखेरीज हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. परंतु आता अशा जागी अडकलो आहे की, ज्यांनी ही वाट पार केली आहे त्यांना विचारल्यावाचून पुढे सरकता येईल असे वाटत नाही.

भीती भुताखेतांची नाही. त्यांच्यावर माझा विश्वास लहानपणीही फारसा नव्हता. दिवा मालवला की छाती धडधडू लागते, पंख्याच्या आवाजातही कोणाची तरी चाहूल लागते आणि दाराकडे पाठ करून झोपणे अशक्य होते. घरात दुसरे कोणी असले तर हे सारे निम्म्यावर येते. पत्नीची रात्रपाळी सुरू झाली, तेव्हापासून म्हणजे गेले आठ महिने मी दिवा लावूनच झोपतो. झोप उथळ लागते आणि दिवसभर डोके जड राहते. उजेडामुळे झोपेला मदत करणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते, हे ठाऊक असूनही दिवा घालवण्याचे धैर्य होत नाही.

समुपदेशकांकडे जाण्याआधी डोळे तपासून घेतले, कारण रातांधळेपणामुळे आपल्याला इतरांपेक्षा कमी दिसते की काय, अशी शंका होती. डोळ्यांत दोष निघाला नाही. मात्र त्या वेळी कळलेली एक गोष्ट मनात घर करून राहिली : उजेडातून अंधारात गेल्यावर दृष्टिपटलातील दंडपेशींना, म्हणजे मंद उजेडात पाहायला मदत करणाऱ्या पेशींना, पुरते जुळवून घ्यायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. मी तर दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच दिवा लावत होतो. म्हणजे माझ्या ओळखीचा अंधार हा नेहमी त्या पहिल्या, सर्वांत काळ्या मिनिटांचाच होता. खुर्चीवर टाकलेले कपडे हे कपडेच आहेत, हे दिसेपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

समुपदेशकांनी पायऱ्या आखून दिल्या. प्रथम मंद दिवा, मग फक्त शेजारच्या खोलीतला उजेड, मग तोही बंद. प्रत्येक वेळी भीतीला ० ते १० पैकी गुण द्यायचे आणि आकडा निम्म्यावर आल्याखेरीज उठायचे नाही. पाच आठवड्यांत ८ वरून ३ पर्यंत आलो. आता पूर्ण अंधारात चाळीस मिनिटे बसू शकतो, पण उशाजवळच्या दिव्याच्या बटणावर बोट ठेवून.

समुपदेशकांचे म्हणणे असे की ही कुबडी आहे. अंधारात काहीही वाईट घडले नाही याचे श्रेय मन त्या बटणाला देते, त्यामुळे भीती शिल्लकच राहते. मला हे पटते, आणि नाहीही. पोहायला शिकणारा काही दिवस काठ धरतोच. त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. पण त्यांचे ऐकून दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, तेव्हा तिन्ही रात्री चार-पाच मिनिटांतच उठून तो लावला. भीती ऐन भरात असताना असे उठल्याने मन उलट धडा शिकते, असे आता ऐकतो आहे आणि त्यामुळे चौथ्या प्रयत्नाचीच धास्ती वाटू लागली आहे.

ज्यांना मोठेपणी ही भीती होती आणि गेली, त्यांनी असा आधार एका झटक्यात सोडला, की वीतभर-वीतभर दूर नेला? त्या वेळी डोळे उघडे ठेवलेत की मिटलेत? मी मिटले तर भीती दुपटीने वाढते. श्वास मोजत बसणे हीदेखील एक कुबडीच ठरते का, हेही जाणून घ्यायचे आहे. कारण ती सोडावी लागली तर माझ्याजवळ दुसरे काहीच उरत नाही. मंद दिवा लावून झोपा, हा सल्ला मात्र कृपया नको. तो मी आठ महिने मनोभावे पाळला आहे.

समुपदेशकांची पुढची भेट नऊ दिवसांनी आहे. तूर्त दिवा उशापासून हातभर अंतरावर आणून ठेवला आहे. बोट पोहोचत नाही, पण किंचित कलंडले तर पोहोचते.